हेडर : टर्बोचार्जित स्पोर्ट्स कारसाठी निवड

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून निघणारा जळालेला वायू स्वतंत्र नळीने घेऊन एका तोंडाशी एकत्र आणणाऱ्या नळ्यांच्या संचाला हेडर म्हणतात. कारखान्यातून आलेल्या गाडीत हे काम बहुधा बिडाचे ओतीव मॅनिफोल्ड करते. टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनात हेडरपुढे उत्प्रेरक (वायूतील प्रदूषण कमी करणारा भाग) आणि सायलेन्सर येतात. टर्बो इंजिनात मात्र हेडरच्या तोंडाशी टर्बाइन, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूने फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोचार्जरचे चाक असते, आणि या एका फरकामुळे निवडीचे जवळजवळ सगळे निकष बदलतात.

साध्या इंजिनात नळ्यांची लांबी अशी ठरवतात की त्यांतून परतणारी कमी दाबाची लाट नेमक्या क्षणी सिलिंडरपाशी पोहोचून उरलासुरला वायू ओढून काढील. टर्बो इंजिनात टर्बाइनच्या अलीकडचा दाब चढाच असतो, पुष्कळदा तो बूस्टच्या, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेच्या, दाबालाही मागे टाकतो. त्यामुळे त्या लाटेचा उपयोग फार मर्यादित राहतो. येथे हेडरचे खरे काम म्हणजे वायूतील उष्णता आणि प्रत्येक स्फोटाबरोबर येणारा दाबाचा धक्का शक्य तितका शाबूत ठेवून टर्बाइनपर्यंत पोहोचवणे. लांब आणि रुंद नळ्यांचा पृष्ठभाग मोठा असल्याने उष्णता वाटेतच जाते, आतली जागा जास्त असल्याने धक्का विरतो आणि बूस्ट उशिरा चढतो. म्हणून नळीचा आतला व्यास एक्झॉस्ट पोर्टइतका (सिलिंडर हेडमधून वायू बाहेर पडण्याच्या तोंडाइतका) किंवा त्याहून थोडासाच मोठा असावा. जाड नळ्या दिसायला भारदस्त वाटतात, पण रस्त्यावर चालवायच्या गाडीत त्या बहुतेक वेळा तोट्याच्याच ठरतात.

सर्वांत विचारपूर्वक पाहण्याची गोष्ट म्हणजे नळ्यांची जोडणी. चार सिलिंडरांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर १८० अंशांना एक सिलिंडर पेटतो, पण एक्झॉस्ट झडप त्याहून बराच काळ, साधारण २२० ते २५० अंशांपर्यंत, उघडी असते. साहजिकच एका सिलिंडरची झडप मिटत असतानाच दुसऱ्याचा ताजा, जोरकस वायू सामाईक नळीत येतो आणि पहिल्यात उलटा शिरू पाहतो. आत राहिलेल्या या गरम वायूमुळे नव्या मिश्रणाला जागा कमी पडते आणि नॉकिंगचा (मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याचा) धोका वाढतो. १–३–४–२ या क्रमाने पेटणाऱ्या इंजिनात पहिला व चौथा आणि दुसरा व तिसरा अशा जोड्या पाडल्या, तर प्रत्येक जोडीत दोन धक्क्यांमध्ये ३६० अंशांचे अंतर पडते व ही ढवळाढवळ थांबते. ट्विन-स्क्रोल टर्बाइनची दोन वेगळी तोंडे याचसाठी असतात. ही कल्पना जुनी आहे: १९०५ मध्ये टर्बोचार्जरचे पेटंट घेणारे स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनीच पुढे मोठ्या डिझेल इंजिनांसाठी सिलिंडरांचे गट पाडून त्यांचा वायू वेगळ्या नळ्यांनी टर्बाइनकडे नेण्याची पद्धत मांडली. ट्विन-स्क्रोल टर्बोला सिंगल-स्क्रोल (सगळ्या नळ्या एकाच तोंडाशी आणणारा) हेडर जोडला, तर त्या टर्बोचा मुख्य गुणच वाया जातो.

सुबारूच्या ईजे मालिकेतील बॉक्सर (सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे असलेल्या) इंजिनांत हा विषय कानांनी कळतो. तेथील असमान लांबीच्या नळ्यांमुळे धक्के टर्बोपर्यंत अनियमित अंतराने पोहोचतात आणि तो परिचित गडगडाट तयार होतो. समान लांबीचा हेडर बसवल्यावर धक्के सारख्या अंतराने येतात, पण तो आवाज जातो. ज्यांनी गाडी त्या आवाजासाठीच घेतली त्यांनी हे आधी जाणून घ्यावे, कारण आवाज हाही निवडीचा प्रामाणिक निकष आहे.

धातूचा प्रश्न टिकाऊपणाचा आहे. पेट्रोल टर्बो इंजिनात पूर्ण भारावर वायूचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास, कधी त्याहूनही वर जाते. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची अर्धा मीटर लांबीची नळी ८०० अंशांनी तापली, तर ती सुमारे ७ मिलिमीटर वाढते. दुसऱ्या टोकाचे सिलिंडर हेड मात्र पाण्याने थंड ठेवलेले असल्याने त्या मानाने हलत नाही. ही ओढाताण दर फेरीला होते आणि त्यातच टर्बोचे वजन नळ्यांवर लटकत असेल तर जोडाशेजारी तडा ठरलेलाच. म्हणून टर्बोला स्वतंत्र आधार असावा, पातळ नळ्यांच्या हेडरमध्ये सरकते जोड किंवा लवचीक भाते असावेत, नाहीतर नळीची भिंत जाड असावी. पाइप व एल्बो वेल्ड करून केलेल्या मजबूत हेडरांत ती सुमारे २.८ मिलिमीटर असते. ३०४ स्टील ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात दीर्घकाळ राहिले की त्यातील क्रोमियम कार्बनशी बांधले जाऊन कणांच्या सीमा दुबळ्या होतात. ३२१ प्रतीत टायटॅनियम घालून तो कार्बन आधीच बांधलेला असतो, म्हणून शर्यतीच्या वापरासाठी ती श्रेयस्कर. बिडाचे मूळ मॅनिफोल्ड जड आणि ओबडधोबड असले, तरी या छळाला ते वर्षानुवर्षे पुरून उरते, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

विकत घेण्यापूर्वी विजेरी घेऊन नळ्यांच्या आत पाहावे. वेल्डिंग करताना नळीत आर्गॉन वायू भरलेला नसेल, तर सांध्याच्या आतल्या बाजूला करपलेल्या साखरेसारखी काळी, खरबरीत कड दिसते. तिचे कण सुटले की ते थेट टर्बाइनच्या पात्यांवर आदळतात. बाहेरून रंगीबेरंगी, सुबक दिसणारा सांधा आतून असा असू शकतो.

बाह्य वेस्टगेट (जादा वायू टर्बाइनला वगळून बाहेर सोडणारी झडप) असल्यास त्याची नळी वायूच्या प्रवाहाच्या दिशेने तिरकी निघालेली असावी. ती काटकोनात किंवा उलट्या दिशेने निघाली, तर वेस्टगेट पूर्ण उघडूनही बूस्ट चढतच राहतो.

काही गाड्यांत ही निवडच उरत नाही. होंडाच्या के२०सी१ आणि फोक्सवॅगनच्या ईए८८८च्या तिसऱ्या पिढीच्या इंजिनांत मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच सामावलेले आहे, तर निसान जीटी-आरच्या व्हीआर३८ इंजिनात ते टर्बाइनच्या आवरणासह एकाच ओतकामात येते. इतर गाड्यांतही हेडर बदलण्याआधी टर्बाइनच्या अलीकडचा दाब मोजून घ्यावा. तो बूस्टच्या दुपटीजवळ असेल, तर अडथळा बहुधा नळ्यांत नसून टर्बाइनच लहान असल्याने येतो, आणि अशा वेळी हेडरवर केलेला खर्च चुकीच्या जागी पडतो.

नवा हेडर बसवल्यावर सिलिंडरांत भरणारी हवा बदलते, त्यामुळे इंधन व इग्निशनची जुळणी पुन्हा करून घ्यावी लागते. मूळ मॅनिफोल्डमध्ये ऑक्सिजन सेन्सर असेल, तर नव्या हेडरवरही त्याची जागा हवी. प्रदूषणविषयक नियमांनुसार उत्प्रेरक काढता येत नसेल, तर तो टर्बोच्या अलीकडे आहे की पलीकडे हे तपासूनच हेडर ठरवावा. हेडरवर उष्णतारोधक पट्टी गुंडाळल्यास बॉनेटखालची उष्णता घटते, पण धातू अधिक तापतो आणि पट्टीत ओल धरते. पातळ स्टीलच्या नळ्यांसाठी त्याऐवजी सिरॅमिकचा लेप बरा. पहिल्या काही तापण्या-निवण्यानंतर गॅस्केट दबते, म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना फ्लँजचे नट ठरलेल्या टॉर्कला पुन्हा आवळावेत.