धनुष्य घेण्याआधी हात मोजा

दुकानात येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "किती पौंडाचे आहे?" आम्ही आधी टेप काढतो. पौंड म्हणजे दोरी मागे खेचायला लागणारा जोर. पण धनुष्य तुमच्या हाताला बसते की नाही, हे पौंडांच्या आधी ओढीवर ठरते. ओढ म्हणजे दोरी पूर्ण मागे घेतल्यावर ती धनुष्याच्या मुठीपासून जिथे थांबते तेवढे अंतर.

घरी मोजायचे तर भिंतीला पाठ लावा, हात खांद्याच्या रेषेत पसरा आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत माप घ्या. विहिरीचा दोर वावांनी मोजायचे, तसेच हे माप. छाती फुगवू नका, खांदे ताणू नका. आलेल्या आकड्याला अडीचने भागा. 170 सेंमी असेल तर 68, म्हणजे पावणेसत्तावीस इंच. हा अंदाज झाला. खरी ओढ तुम्ही दोरी ओठाच्या कोपऱ्याशी आणता की हनुवटीखाली, यावरही बदलते. म्हणून शेवटचे माप दुकानात हलक्या धनुष्यावर, खुणा केलेल्या तिराने घेतो.

आता धनुष्याची उंची. एकसंध लाकडाच्या किंवा बांबूच्या धनुष्याला आम्ही ओढीची दुप्पट आणि वर त्या दुपटीचा दहावा भाग धरतो. पावणेसत्तावीस इंचांना हे सुमारे 59 इंच होतात, साडेएकोणतीसला 65. मूठ जाड आणि न वाकणारी असेल तर आणखी वाढवा. लांब चालेल, आखूड नको.

हे आम्ही चूक करून शिकलो. सव्वासहा फुटी एका तरुणाला 58 इंची धनुष्य आवडले आणि आम्ही न मोजता दिले. शेवटचे दोन इंच त्याला दगड ओढल्यासारखे जड जायचे, दोरीचा कोन अरुंद होऊन बोटे चिमटायची. दोन महिन्यांत मुठीच्या वरची कांब तडकली. पैसे परत केले. पण मुलाचा हुरूप गेला, तो कसा परत करणार?

कारखान्यातल्या धनुष्यावर लिहिलेले पौंड सहसा 28 इंच ओढीला असतात. दर इंचामागे साधारण दोन-तीन पौंड कमी-जास्त होतात. म्हणजे 40 पौंडाचे धनुष्य पावणेसत्तावीस इंचांवर जेमतेम 37 भरेल. सातपुड्यातल्या भिल्ल कारागिरांच्या तीर-कामठ्यावर आकडा नसतो, त्याची दोरीसुद्धा बांबूच्या पट्टीची. तो आम्ही स्प्रिंगच्या काट्याला अडकवून तुमच्या ओढीपर्यंत खेचतो आणि काटा तुम्हालाच वाचायला लावतो. 18 किलो म्हणजे 40 पौंड. नवख्याने त्याच्या बऱ्याच खाली सुरुवात करावी.

तीर ओढीपेक्षा निदान इंचभर लांब हवा. आखूड तीर मुठीच्या आत घसरला तर हात फाटतो. तीर न लावता दोरी कधीच सोडू नका.

वैशाखात जळगाव-भुसावळचे ऊन पंचेचाळीसला टेकते, तेव्हा बंद गाडीत धनुष्य ठेवू नका. नेम मारून झाला की लाकडी धनुष्याची दोरी उतरवा.

घडण शिकारीची असली तरी आमची धनुष्ये नेमबाजीसाठीच आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातल्या शिकारीला बंदी आहे आणि त्यासाठी मागणाऱ्याला आम्ही धनुष्य देत नाही.

मापाचे पैसे लागत नाहीत. येताना पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट टाळा, दोरी बाहीत अडकते.