फिट कांद्याने थांबत नाही

‘फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवा, मुठीत किल्ल्या द्या, लगेच थांबते.’ सांगलीच्या बाजारापासून वाळव्यातल्या उसाच्या फडापर्यंत हे ऐकू येतं, मोबाइलवरही फिरतं. सांगणाऱ्याची कळकळ खरी असते.

मेंदूतल्या पेशी विजेच्या सूक्ष्म लहरींनी एकमेकींना निरोप देतात. फिटमध्ये असंख्य पेशी एकाच वेळी अनावर निरोप सोडू लागतात. ते मज्जारज्जूतून, नसांतून स्नायूंपर्यंत पोचतात आणि अंग झटके देतं. बहुतेक वेळा हा भर १ ते ३ मिनिटांत आपोआप ओसरतो. कांदा शोधून आणेपर्यंत तेवढा वेळ जातोच, म्हणून श्रेय कांद्याला मिळतं. पडताळायचं तर घड्याळ बघा: नाकाशी काहीही न धरताही झटके थांबतात. झोपेत, जवळ कोणी नसताना आलेली फिटही अशीच थांबते.

किल्ल्यांनी हाताला इजा होते. चपलेची मला जास्त काळजी वाटते, कारण तिने श्वास अडू शकतो.

माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा. तोंडात चमचा, पाणी, काहीच घालू नका. झटके ५ मिनिटांहून जास्त चालले, किंवा शुद्ध येण्याआधी पुन्हा आले, तर १०८ लावा.