लाल गोळी आणि परळ

उपकेंद्रात गरोदर बाईची नोंद झाली की सिस्टर आधी तिच्या बोटाला सुई टोचतात. पूर्वी साहलीची नळी असायची. नळीत अॅसिड, त्यात बोटातलं रक्त, आणि मग तो तपकिरी रंग शेजारच्या काचेशी जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी. रंग जुळला की नळीवरचा हिमोग्लोबिनचा आकडा वाचायचा. आता छोट्या यंत्रावर आकडा उमटतो. तो ११ च्या खाली असला तर रोज एकाऐवजी दोन लाल गोळ्या, आणि ७ च्याही खाली गेला तर थेट मोठं रुग्णालय.

या गोळीला सगळे ‘लोहाची गोळी’ किंवा ‘रक्तवाढीची गोळी’ म्हणतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं, आणि सोबत अर्धा मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड. या अर्ध्या मिलिग्रॅमचा माग काढत गेलं की आपण परळला पोचतो. गिरणगावाचा इतिहास सांगताना ही गोष्ट सहसा राहून जाते, म्हणून तीच जरा सविस्तर सांगते.

लोहाचा उपाय तसा फार जुना. चरकसंहितेत पांडुरोगाचा स्वतंत्र अध्याय आहे. पांढरंफटक पडलेल्या रोग्याला त्यात नवायस चूर्ण सांगितलं आहे, मंडूर म्हणजे लोखंडाचा कीट घालून केलेले वटकही सांगितले आहेत. युरोपात पिएर ब्लो या फ्रेंच डॉक्टरने १८३२ मध्ये फेरस सल्फेट आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या गोळ्या पुढे आणल्या. फिकुटलेल्या तरुण मुलींना त्या पुढे कित्येक वर्षं दिल्या जात होत्या.

पण लोह देऊनही न हटणारा एक अॅनिमिया, म्हणजे रक्तक्षय, होता, आणि तो मुंबईत बाळंतपणात बायकांचे जीव घेत होता. त्याचा शोध घ्यायला लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली. तिचं काम परळच्या हाफकिन संस्थेतून चाले, आणि तिच्यासमोर येणाऱ्या रुग्णांत कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायका होत्या. लोह कमी पडलं की रक्तातल्या तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात. या बायकांच्या पेशी उलट मोठ्या होत्या, अर्धवट वाढलेल्या. विल्सने आधी जंतूंचा संशय तपासून पाहिला आणि मग ती आहाराकडे वळली. कोणत्या थरातल्या बायका काय खातात याची तिने पाहणी केली. ज्यांचं खाणं सगळ्यात निकृष्ट, त्यांनाच हा आजार सगळ्यात जास्त होतो, असं तिला दिसलं. त्यात गरीब मुस्लिम बायकांची स्थिती सर्वांत वाईट होती.

पुढे उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग झाले. त्यांत उपयोगी ठरला तो यीस्टचा अर्क, म्हणजे इंग्लंडात पावाला लावून खातात तो मार्माइट. बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून तो बनतो, त्यामुळे स्वस्त. तोच गरोदर बायकांना दिल्यावर काही दिवसांतच रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये विल्सने हे निष्कर्ष छापले. यीस्टमधलं नेमकं काय लागू पडतं हे कळलं नव्हतं, म्हणून त्या अनामिक द्रव्याला पुढे ‘विल्स फॅक्टर’ हे नाव पडलं. ज्यांच्या बोटांतून आणि शिरांतून ते रक्त काढलं, त्या गिरणीतल्या बायकांचं नाव कशालाच पडलं नाही.

१९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमध्ये चार टन पालकातून हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. पानातून मिळालं म्हणून ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून फॉलिक अॅसिड हे नाव ठेवलं गेलं. ते कारखान्यात बनवण्याची रीत १९४५ मध्ये अमेरिकेतल्याच लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत बसली. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. इथून पुढे गोळी स्वस्त होणारच होती.

भारत सरकारने १९७० मध्ये लोह आणि फॉलिक अॅसिड एकाच गोळीत घालून गरोदर बायकांना १०० दिवस द्यायला सुरुवात केली. तेव्हाही लोह ६० मिलिग्रॅमच होतं. नव्वदच्या दशकात ते १०० वर नेलं आणि २०१८ च्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’मध्ये पुन्हा ६० वर आणलं. दिवस मात्र वाढून १८० झाले. किशोरवयीन मुलींना आठवड्याला एक निळी गोळी आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी, ही रंगांची व्यवस्थाही आता आहे. जोडीला जंताची गोळी.

मिलिग्रॅमचा हा हिशेब पन्नास वर्षं चालला. पण माझ्या मते खरा प्रश्न गोळी घशाखाली उतरते का, हा होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अॅनिमिया आढळला. महाराष्ट्राचा आकडा ५४.२ होता, आणि आधीच्या सर्वेक्षणात तो ४८ होता. गरोदरपणात १८० दिवस गोळ्या घेतलेल्या आया देशभरात २६ टक्के.

गोळी घेतल्यावर मळमळतं, तोंडाला लोखंडाची चव येते, शौचाला काळं होतं. लोह पोटात गेलं की असं होतंच, हे पहिल्याच दिवशी सांगितलं नाही तर बाई घाबरते आणि पाकीट डाळीच्या डब्यामागे जाऊन पडतं. गोळ्यांनी बाळ काळं होतं, बाळ फार मोठं होऊन बाळंतपण अडतं, असं घरातली मोठी माणसं सांगतात तेही असतंच. काही जणी चहाबरोबर गोळी घेतात, आणि चहामुळे त्यातलं बरंचसं लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही सोबत घ्यायची नसते, मध्ये दोन तास जाऊ द्यावे लागतात. म्हणून जेवणानंतर लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर गोळी घ्या, असं आशाताई दारात उभ्या राहून सांगतात, आणि पुढच्या खेपेला आल्या की रिकामं पाकीट दाखवायला लावतात.