हंटेरियन ग्रंथसंग्रह, ग्लासगो

स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठाच्या ग्रंथालयातील एक दुर्मिळ ग्रंथसंग्रह. शरीररचनाशास्त्राच्या जुन्या ग्रंथांसाठी तो विशेष महत्त्वाचा आहे. शरीररचनातज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ विल्यम हंटर (१७१८–८३) यांनी तो जमवला व मृत्युपत्र करून, तरुणपणी ते जेथे शिकले त्या विद्यापीठाला दिला. त्यात सुमारे १०,००० छापील पुस्तके आणि ६५० हस्तलिखिते आहेत. हंटर लंडनमध्ये ग्रेट विंडमिल स्ट्रीटवरील आपल्या घरातच शवविच्छेदनाचे वर्ग चालवीत. त्यांच्या निधनानंतर संग्रह काही वर्षे तेथेच, भाचे मॅथ्यू बेली यांच्या उपयोगासाठी राहिला. १८०७ मध्ये तो ग्लासगोला आला.

सोळाव्या शतकातील शरीररचनातज्ज्ञ व्हेसेलियसचा १५४३ साली स्वित्झर्लंडमधील बाझेलला छापलेला, मानवी देहरचनेवरील सचित्र ग्रंथ येथे आहे. तरी संग्रहाचे खरे वैभव म्हणजे हंटर यांच्याच ‘गरोदर गर्भाशयाची रचना’ (१७७४) या ग्रंथाची मूळ रेखाटने. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल यांनी छापलेल्या या ग्रंथात ३४ मोठी चित्रे असून मजकूर लॅटिन व इंग्रजीत शेजारी शेजारी दिला आहे. काम १७५१ मध्ये, दिवस भरत आले असताना मरण पावलेल्या एका स्त्रीच्या देहावरून सुरू झाले. बहुतेक चित्रे यान व्हान रिम्सडाइक या चित्रकाराने लाल खडूने काढली. ती पाहून कोरक्यांनी तांब्याच्या पत्र्यांवर कोरली.

रिम्सडाइकने दिसले तेच काढले. सर्वांत गाजलेल्या चित्रात पूर्ण वाढलेले, डोके खाली असलेले मूल गर्भाशयात दाटीने बसलेले दिसते आणि आईच्या कापलेल्या मांड्यांचे छेदही झाकलेले नाहीत. दुसऱ्या एका चित्रात गर्भाच्या ओल्या आवरणावर खोलीच्या खिडकीचे प्रतिबिंबसुद्धा उमटले आहे. एवढे करूनही हंटर यांनी प्रस्तावनेत कोरक्या रॉबर्ट स्ट्रेंजचे आभार मानले आणि रिम्सडाइकचा उल्लेखही केला नाही, हा त्याच्यावर अन्यायच होय. ज्या स्त्रियांच्या देहांवर हे ज्ञान उभे राहिले, त्यांचीही नावे ग्रंथात नाहीत.

याच विच्छेदनांवरून घेतलेल्या प्लॅस्टरच्या रंगवलेल्या प्रतिकृती ग्लासगो विद्यापीठातच आहेत. त्यामुळे विच्छेदनात दिसलेले शरीर छापील पानापर्यंत पोहोचताना काय बदलले, हे अभ्यासकाला प्रतिकृती, खडूचे रेखाटन आणि छापील चित्र शेजारी ठेवून तपासता येते.