लिंकन काउंटीचं दुकान : मेजर मर्फी आणि एका रक्तरंजित भांडणाची मुळं

१८ फेब्रुवारी १८७८ रोजी जॉन टन्स्टल हा २४ वर्षांचा इंग्रज व्यापारी आपल्या गुरांच्या ठाण्यावरून घोडे घेऊन लिंकन गावाकडे निघाला होता. शेरीफच्या नावाने जप्तीला निघालेल्या टोळीने त्याला वाटेत गाठून गोळ्या घातल्या. ‘लिंकन काउंटी वॉर’, म्हणजे लिंकन जिल्ह्यातलं दोन गटांचं युद्ध, भडकलं ते या खुनावरून. टन्स्टलच्या पदरी असलेला एक पोरगेला कामगार पुढे बिली द किड हा बंदूकबाज म्हणून जगभर गाजला आणि अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या या प्रकरणाची सारी गोष्ट त्याच्याभोवतीच रचली गेली. माझ्या मते ती गोष्ट त्याच्या पिस्तुलापासून सुरू करणंच चूक आहे. ती सुरू होते बारा वर्षं आधी, एका दुकानाच्या उधारीच्या वहीत. ती वही होती लॉरेन्स मर्फी या माजी लष्करी अधिकाऱ्याची.

मर्फी मूळचा आयर्लंडच्या वेक्सफर्डचा. जन्म १८३१ च्या सुमाराचा. बटाट्याच्या दुष्काळाने पोखरलेला देश सोडून अमेरिकेत उतरलेल्या कित्येक आयरिश तरुणांनी पोटासाठी पलटणीची वाट धरली, तशीच त्यानेही धरली. साधा शिपाई म्हणून भरती होऊन तो सार्जंट झाला. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं, तेव्हा न्यू मेक्सिकोच्या स्वयंसेवक पलटणीत त्याला अधिकारीपद मिळालं. किट कार्सन या लष्करी अधिकाऱ्याच्या हाताखाली तो नावाहो या मूळनिवासी लोकांविरुद्धच्या मोहिमेत होता. अखेरीस मानाचा मेजर हा हुद्दा मिळाला आणि शेवटच्या काळात फोर्ट स्टँटन या ठाण्याचा ताबाही काही काळ त्याच्याकडे आला. १८६६ मध्ये तो सैन्यातून मोकळा झाला.

मोकळा झाला, पण ठाणं सोडून गेला नाही. एमिल फ्रिट्झ हा जर्मन वंशाचा माजी लष्करी अधिकारी त्याचा भागीदार झाला. दोघांनी फोर्ट स्टँटनच्या दाराशीच ‘एल. जी. मर्फी अँड कंपनी’ थाटली. दोघांनीही या ठाण्याचा कारभार आतून पाहिला होता. घोड्यांना दाणा किती लागतो, पीठ कधी संपतं, रसदीचा ठेका कसा सुटतो, कागद कोणाच्या टेबलावर अडतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांचं खरं भांडवल हेच होतं, असं मला वाटतं.

हा धंदा कसा चालायचा ते नीट पाहायला हवं. रिओ बोनितो नदीच्या काठाने मेक्सिकन वंशाचे छोटे शेतकरी मका पिकवत. त्यांच्या गावाचं नाव ला प्लासिता. १८६९ मध्ये काउंटी झाली तेव्हा त्याचंच लिंकन झालं. या मुलखात रोकड जवळजवळ नव्हतीच. पैसा यायचा तो सरकारचा, लष्कराच्या खरेदीतून. पण त्या ठेक्यासाठी जामीन द्यावा लागे आणि माल मोठ्या प्रमाणावर, ठरल्या दिवशी पोचवावा लागे. चार एकरांच्या शेतकऱ्याला हे झेपणार कुठून? ठेका मर्फीकडे जायचा. शेतकरी पेरणीच्या वेळी त्याच्या दुकानातून बियाणं, पीठ, साखर, कापड उधारीवर उचलायचा. भाव दुकानाचा. सुगीला तोच शेतकरी मका आणून त्याच दुकानात घालायचा. तिथेही भाव दुकानाचाच. मका ठाण्यावर जायचा तो ठेक्याच्या दराने, आणि खात्यावरची बाकी पुढच्या हंगामावर ढकलली जायची. एकाच माणसाने दोन्ही तागड्या हातात धरल्यावर शेतकऱ्याच्या वाट्याला काय उरणार? त्यावर कडी म्हणजे, स्वतःच्या मालकीच्या नसलेल्या सरकारी जमिनीही या कंपनीने लोकांना विकल्या, असा आरोप पुढे उघडपणे झाला. दाद मागायची तर मर्फी स्वतःच काही काळ काउंटीचा प्रोबेट (वारसा-मृत्युपत्रांची प्रकरणं पाहणारा) न्यायाधीश होता.

दुसरं गिऱ्हाईक होतं मेस्कालेरो अपाची ही मूळनिवासी जमात. त्यांना लष्कराने आधी पेकोस नदीकाठच्या बोस्के रेदोंदो इथे डांबलं होतं. १८६५ च्या नोव्हेंबरात एका रात्री जवळजवळ सगळी जमात तिथून निसटली. काही वर्षांनी ते फोर्ट स्टँटनच्या आसऱ्याला परतले, तेव्हा सरकारने त्यांना शिधा लावून दिला. त्यांच्या सरकारी एजंटाला स्वतःची इमारत नव्हती. त्याची कचेरी मर्फीच्याच इमारतीत होती. शिधा पुरवणारा, आणि तो किती माणसांना दिला हे लिहिणारा, असे दोघे एकाच छपराखाली. कागदावरची माणसं वाढत गेली, बिलं फुगत गेली. शिकारीचा मुलूख हिरावून घेतलेल्या लोकांच्या तोंडच्या घासावर हा नफा उभा होता. या युद्धाच्या बहुतेक वर्णनांत मेस्कालेरोंचा उल्लेख ओझरता येतो, आणि ते मला फार खटकतं.

१८७३ मध्ये मात्र लष्कराचा संयम संपला. मर्फीचा तरुण कारकून जेम्स डोलन, हाही आयरिश आणि माजी सैनिक, त्याने ठाण्यावरच्या कॅप्टन रँडलेटवर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला. त्याच वर्षी कंपनीला ठाण्याच्या हद्दीतून बाहेर काढण्यात आलं. मर्फीने बस्तान नऊ मैलांवरच्या लिंकनला हलवलं आणि मुख्य रस्त्यावर दुमजली इमारत उठवली. खाली दुकान, वर मालकांच्या खोल्या. लोक तिला नुसतं ‘द हाउस’ म्हणत, आणि हळूहळू ते नाव इमारतीवरून सगळ्या टोळक्यालाच चिकटलं. जागा बदलली तरी ठेके सुटले नव्हते. गोमांसाचा ठेका पुरा करायला लागणारी गुरं पेकोसकाठच्या जॉन चिझमच्या अफाट कळपांतून चोरून येतात, अशी चर्चा सर्रास होती.

उतरण लागली ती पुढे. फ्रिट्झ मायदेशी गेला आणि १८७४ मध्ये तिथेच वारला. त्याच्या नावे १०,००० डॉलरचा आयुर्विमा होता. तो वसूल करण्याचं काम अलेक्झांडर मॅकस्वीन या वकिलाकडे आलं. हा आधी मर्फीचीही कामं करत असे. फ्रिट्झकडे आमचं येणं आहे, पैसे आम्हाला द्या, असं ‘हाउस’चं म्हणणं, मॅकस्वीन ते देईना. दरम्यान १८७६ च्या अखेरीस टन्स्टल आला, मॅकस्वीनला हाताशी धरून त्याने लिंकनमध्येच दुकान काढलं, बँक काढली. शेतकऱ्याला पहिल्यांदाच दुसरा दरवाजा दिसला. मर्फी तोवर दारूने आणि दुखण्याने खचला होता. १८७७ मध्ये त्याने धंदा डोलन आणि जॉन रायली यांच्या हवाली केला. विम्याच्या वादातून मॅकस्वीनच्या मालमत्तेवर जप्ती आली, आणि तो भागीदार आहे असं धरून टन्स्टलचा मालही तिच्यात ओढला गेला. फेब्रुवारीतली ती टोळी याच जप्तीच्या कागदावर निघालेली होती.

जुलैमध्ये लिंकनच्या रस्त्यावर दोन्ही गटांत पाच दिवस लढाई चालली. १९ तारखेला मॅकस्वीनचं घर पेटवून त्याला मारण्यात आलं. मर्फी तेव्हा लिंकनमध्ये नव्हता. २० ऑक्टोबर १८७८ रोजी तो सँटा फे इथे वारला. डोलन आणि रायलीने धंदा आधीच थॉमस कॅट्रन या सँटा फेच्या बड्या वकिलाकडे गहाण टाकला होता. पुढे ती दुमजली इमारत काउंटीने कोर्टासाठी घेतली. एप्रिल १८८१ मध्ये फाशीची वाट पाहत असलेला बिली द किड याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर बेड्यांत होता, आणि दोन पहारेकऱ्यांना मारून तो निसटला तोही इथूनच. इमारत आजही उभी आहे. लोक जिन्यापाशी थांबून बिली कसा पळाला ते विचारतात. उधारीची खाती मांडली जात ती जागा त्यांच्या पायाखालच्या मजल्यावर आहे.