ओव्हनमधलं चिकन आणि सादळलेला पापड

गेल्या गटारीला मी ओटीजीमधून, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमधून, चिकनचा ट्रे बाहेर काढला. मसाला झकास, मांस मऊ, पण वरचा थर फिकट आणि ओलसर. ट्रेच्या तळाशी पिवळट पाणी साचलेलं. आईने एक तंगडी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "हे भाजलंय कुठे गं? उकडलंय."

काटा २०० अंशांवर होता. पाणी उकळतं १०० अंशांना. मग २०० अंशांच्या पेटीत चिकन उकडलं कसं?

तर भोवतीची हवा कितीही तापलेली असो, तुकड्याचा पृष्ठभाग ओला आहे तोवर तो १०० अंशांच्या वर जात नाही. आत येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच संपते, आणि हे काम भलतंच खर्चिक आहे. एक ग्रॅम पाणी नळाच्या तापमानावरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ७० कॅलरी लागतात. त्याच उकळत्या ग्रॅमची वाफ करायला ५४०. तुकड्यांवरून निथळणारं चमचाभर पाणीसुद्धा ओव्हनला किती वेळ गुंतवून ठेवतं, याचा अंदाज यावरून येईल.

खरपूस रंग आणि वास मात्र १०० अंशांना मिळत नाही. १९१२ साली लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने साखर आणि अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) एकत्र तापवल्यावर होणारा तपकिरी बदल मांडला. भाकरीवरचे डाग, भाजलेले शेंगदाणे, पावाची लालसर पाठ, या सगळ्यामागे हीच मायार प्रक्रिया आहे. ती जोर धरते १४० अंशांच्या आसपास. म्हणजे आधी पृष्ठभाग कोरडा, मग रंग. हा क्रम उलटा होत नाही.

तळणीत हे काही मिनिटांत उरकतं, कारण तेल उष्णता भराभर पोचवतं. हवा त्या मानाने फारच आळशी. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये आपण क्षणभर हात घालतो. १८० अंशांच्या तेलात बोट बुडवायचा विचारही करवत नाही. हवा फिरती असेल तर थोडी मदत होते, कारण तुकड्याभोवती साचलेली दमट हवा बाजूला सारली जाते. एअर फ्रायरमधली सगळी करामत एवढीच: छोटी पेटी आणि जोरदार पंखा. 'फ्रायर' हे नाव विकणाऱ्यांनी दिलेलं.

आता माझ्या गटारीकडे पुन्हा पाहिलं तर चूक एक नव्हती. चिकन तीन पाण्यांनी धुतलं. (हे करूच नये. उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर साल्मोनेलासारखे जिवाणू सिंकभर पसरतात. त्यांना मारते ती आच. मांसाचा गाभा ७४ अंशांना पोचला की काम झालं.) मग भरपूर दह्यात रात्रभर मुरवलं आणि ते दही न निपटता तुकडे ट्रेमध्ये दाटीवाटीने लावले, चर्चगेट फास्टमधल्या चौथ्या सीटसारखे. प्रत्येक तुकडा शेजारच्याला वाफ देत बसला. तंदुरी चिकनलाही दहीच लावतात, हे खरं. पण तंदूर ४०० अंशांच्या पुढे जातो, त्याला ते परवडतं. घरच्या ओटीजीला नाही. शिवाय दह्याच्या आंबटपणाने मायार प्रक्रिया मंदावते ती वेगळीच.

दुसऱ्या खेपेला सुरुवात चिकनच्या दुकानापासून केली. मुंबईत आपण काही बोललो नाही तर कोंबडी सोलूनच मिळते. पिसं उपटत बसण्यापेक्षा कातडीसकट ओढून काढणं झटपट होतं. त्यामुळे "भैया, स्किन के साथ" हे कापायच्या आधीच सांगावं लागतं. कातडी म्हणजे कोलॅजेन नावाचं प्रथिन, चरबी आणि पाणी. तापल्यावर कोलॅजेन सैल पडून त्याचं जिलेटिन होतं, चरबी वितळून खाली गळते, पाणी उडून जातं आणि मागे एक पातळ जाळी उरते. कुरकुरते ती ही जाळी.

तुकडे कागदी रुमालाने टिपून कोरडे केले. अर्ध्या किलोला एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि बेताचं मीठ चोळलं. बेकिंग पावडरमुळे कातडी किंचित अल्कधर्मी होते, तिथे मायार प्रक्रिया वेग घेते आणि वायूचे बारीक बुडबुडे पृष्ठभाग खडबडीत करतात. हौसेने खायचा सोडा घालू नका; साबणासारखी चव येते. मीठ आधी पाणी बाहेर खेचतं, मग त्यातच विरघळून हळूहळू आत शिरतं आणि मांसातल्या प्रथिनांना पाणी धरून ठेवायला लावतं. आत रस, बाहेर कोरडं. हवं होतं ते हेच.

त्यानंतर जाळीवर मांडून रात्रभर फ्रिजमध्ये, उघडंच. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत काही वाळत नाही, हे दोरीवरचे कपडे बघून कळतंच. फ्रिजमधली हवा मात्र कोरडी असते, कारण तिच्यातला ओलावा थंड कॉइलवर जमून बाहेर पडतो. सगळ्यात खालच्या खणात ठेवलं, म्हणजे वरून काही कशावर ठिबकायला नको. तरीही "दुधाच्या फ्रिजात उघडं मटण-चिकन?" यावर घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

सकाळी कातडी चर्मपत्रासारखी ताणलेली, जराशी पारदर्शक दिसत होती. ओटीजी नीट तापवला, २२० अंशांवर, जाळीखाली ट्रे, तुकड्यांत दोन-दोन बोटं अंतर. वीसेक मिनिटांनी चरबी ट्रेवर टपटपायला लागली, आणि थोड्या वेळाने तो आवाज बदलला: आधीचा फसफसता, मग तडतडता. एकूण पाऊण तास. बिनकातडीचं चिकन असेल तर कातडी उसनी आणावी लागते. तांदळाचं पीठ आणि रवा, म्हणजे सुरमई तळायला घेतो तेच. वर थोडं तेल चोळायचं. तांदळाच्या पिठात ग्लुटेन, म्हणजे गव्हाची कणीक चिवट करणारं प्रथिन, नसल्याने तो थर फारसा चिवट होत नाही. जाडसर चुरलेले पातळ पोहेही चालतात, मला तर ते जास्त आवडले.

तंगडीचा पहिला घास घेतला तेव्हा आवाज शेजारच्या खोलीत गेला. उरलेले तुकडे आईने सवयीने डब्यात भरले आणि झाकण लावलं. अर्ध्या तासाने सगळे मऊ.

याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: सादळणे. कुरकुरीत पदार्थ रेणूंच्या पातळीवर काचेसारखा असतो. रेणू रांगेत नसतात, पण जागचे हलतही नाहीत, म्हणून तो वाकत नाही, मोडतो. त्यात पाणी शिरलं की रेणूंना सरकायला वाव मिळतो, काच जाऊन रबर होतं. जुलैत उघड्या राहिलेल्या पापडाला हे पाणी बाहेरची हवा देते. डब्यातल्या चिकनला ते आतूनच मिळतं, हाडाजवळच्या गरम मांसाची वाफ झाकणाला लागून परत त्याच्यावरच बसते. मायक्रोवेव्हने हे सुधारत नाही, तो आतलं पाणी तापवून आणखी वाफ बाहेर ढकलतो. ओटीजीत जाळीवर दहा मिनिटं ठेवलं तर मात्र शिरलेलं पाणी निघून जातं. सादळलेला पापड आई पुन्हा गॅसवर धरते, तसंच.