झानरे, प्येर

झानरे, प्येर (२२ मार्च १८९६ – ४ डिसेंबर १९६७). स्विस वास्तुविशारद व फर्निचर रचनाकार. जन्म व मृत्यू जिनीव्हा येथे. विख्यात वास्तुविशारद ल कॉर्ब्यूझिए हा त्यांचा चुलतभाऊ. १९२२ पासून दोघांनी पॅरिसमध्ये एकत्र काम केले. प्वासी येथील व्हिला साव्हॉय ही या भागीदारीतली सर्वांत गाजलेली वास्तू. पोलादी नळ्यांच्या खुर्च्या त्यांनी फर्निचर रचनाकार शार्लोत पेरियाँ यांच्यासह घडवल्या. १९४० मध्ये भागीदारी संपली. भावाच्या सावलीमुळे प्येर यांचे श्रेय कायम झाकोळले, हा अन्यायच म्हणावा लागेल.

त्यांचे स्वतंत्र कर्तृत्व खऱ्या अर्थाने दिसते ते चंडीगढमध्ये. कॉर्ब्यूझिए यांनी आखलेले हे नवे शहर उभारण्यासाठी १९५१ मध्ये ते तेथे आले. कॉर्ब्यूझिए वर्षातून दोनदा येऊन परत जात. झानरे मात्र १९६५ पर्यंत तेथेच राहिले आणि प्रत्यक्ष बांधकामाचा रोजचा भार त्यांनी वाहिला. सरकारी कर्मचाऱ्यांची घरे, शाळा, पंजाब विद्यापीठातील पाण्यात उभे असलेले गांधी भवन ही त्यांची कामे. महागडे साहित्य परवडणारे नव्हते. तेव्हा साध्या विटांच्याच जाळ्या रचून त्यांनी ऊन अडवले आणि वारा खेळता ठेवला.

नव्या शहरातील कचेऱ्या, ग्रंथालये, न्यायालये यांना फर्निचरही लागणार होते. तेही झानरे यांनी रचले. त्यांची कचेरीतली खुर्ची जवळून पाहावी : दोन्ही बाजूंना उलट्या ‘व्ही’सारखे, खाली निमुळते होत जाणारे सागवानी पाय, त्यांवर टेकलेले हात, बैठकीला आणि पाठीला विणलेला वेत. साग वाळवीला दाद देत नाही, वेतातून हवा खेळते आणि तो उसवला तर पुन्हा विणता येतो. ही कामे स्थानिक सुतारांनी हाताने केल्यामुळे एका खुर्चीसारखी दुसरी तंतोतंत नसते. अनेक खुर्च्यांवर खात्याचे नाव व नोंदक्रमांक रंगवलेले आढळतात. वास्तुविशारद उर्मिला युली चौधरी या झानरे यांच्या महत्त्वाच्या सहकारी होत्या.

झानरे यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थी चंडीगढच्या सुखना तलावात विसर्जित करण्यात आल्या. सेक्टर ५ मधील त्यांच्या राहत्या घराचे आता संग्रहालय झाले आहे.

पुढे चंडीगढचे हे फर्निचर जुने झाले म्हणून कचेऱ्यांनी ते भंगारात काढले, लिलावात विकले. त्याच खुर्च्या परदेशी लिलावांत लाखो रुपयांना जाऊ लागल्या, तेव्हा त्यांचे मोल ध्यानात आले. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या वारसा-वस्तूंच्या विक्रीला व निर्यातीला मनाई केली. तोवर पुष्कळ खुर्च्या देशाबाहेर गेल्या होत्या.